आधीचे सिझर आणि आता जुळे

पारोळा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. वय सव्वीस. पहिले बाळंतपण तीन वर्षांपूर्वी सुरतेला झाले, सिझरने. नवरा उधन्याला कारखान्यात कामाला होता. आता दोघे गावी परत आली आहेत. पाचवा महिना चालू आहे आणि सोनोग्राफीत जुळे निघाले. "पोटमा दोन शेतस" असे डॉक्टरीणबाईंनी अहिराणीतच सांगितले, तेव्हा आधी हसू आले आणि मग रडू, असे ती लिहिते. सासूबाई म्हणतात, जावेचे सिझरनंतर नॉर्मल झाले, हिचेही होईल, तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ. नवरा म्हणतो, सुरतेलाच जाऊ. माहेर चोपड्याकडे, आई म्हणते, इकडे ये. आणि भगिनीचा स्वतःचा प्रश्न एकच आहे: नॉर्मल होईल की पुन्हा सिझर?

अशी पत्रे वरचेवर येतात म्हणून उत्तर अंकातून देत आहे. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, बाळंतपण कुठे होणार? सिझर झालेल्या पिशवीत जुळे असेल तर नॉर्मल झाले तरी रक्तस्रावाचा धोका असतो आणि सिझर झाले तरी असतो. तो धोका झेलण्याची तयारी ज्या दवाखान्यात आहे तिथे तुम्ही वेळेत असणे, यावर बाकी सारे अवलंबून आहे.

रक्त का जाते ते आधी समजून घेऊ. बाळ बाहेर आले की वार सुटते. जिथे ती चिकटलेली होती तिथे रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. दिवस भरत आले म्हणजे गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते. ती तोंडे बंद करण्याचे काम गर्भाशयाचा स्नायू करतो. तो आवळतो आणि वाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या दाबल्या जातात. बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवला की नारळासारखा घट्ट गोळा लागला पाहिजे असे जुन्या सुईणी म्हणत, तो हाच. आता परकराचे इलॅस्टिक फार ताणले गेले की पुन्हा नीट आवळत नाही, तसे जुळ्यात होते. दोन बाळे, जास्त पाणी, वारेची जागाही मोठी. पिशवी ताणून ताणून सैल पडते. त्यात आधीच्या सिझरचा व्रण. व्रणाची जागा म्हणजे स्नायू नव्हे, ती आवळत नाही. आणि नेमकी वार त्या व्रणावर येऊन बसली तर प्रकरण फार गंभीर होऊ शकते.

म्हणून ताई, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा: वार कुठे आहे? पिशवीच्या तोंडाशी, खाली आहे का? जुन्या व्रणावर आहे का? पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार पुष्कळदा पुढे वर सरकते, तेव्हा लगेच घाबरायचे नाही. पण आठव्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा सोनोग्राफी करून पाहायचेच. २००६ साली अमेरिकेत तीस हजार सिझरच्या शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वार तोंडाशी असताना दुसरे सिझर करावे लागलेल्या शंभर स्त्रियांत ११ जणींची वार व्रणात रुतलेली निघाली. तिसऱ्या सिझरला हेच प्रमाण ४० झाले. रुतलेली वार ओढून सुटत नाही, ओढली तर रक्ताची धार लागते. कधी कधी आईचा जीव वाचवायला पिशवीच काढावी लागते. असे बाळंतपण तालुक्याला करायचे नाही. तारीख ठरवून, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून, मोठ्या रुग्णालयातच करायचे.

दुसरी गोष्ट, दोन बाळांना वारा दोन आहेत की एक? हे तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत, म्हणजे ११ ते १४ आठवड्यांत, सर्वात स्पष्ट कळते. नंतर सांगणे अवघड होत जाते. तेव्हाचा रिपोर्ट असेल तर तो सोन्यासारखा जपा. दोन वारा असतील आणि सारे ठीक असेल तर बाळंतपण साधारण ३७ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. वार एकच, पण बाळांच्या पिशव्या वेगळ्या, तर ३६ ते ३७. वारही एक आणि पिशवीही एक असे क्वचित असते. तिथे नाळा एकमेकींत गुंततात, म्हणून ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझर करतात. मात्र हा डॉक्टरांचा हिशोब झाला. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांच्या आतच येतात. तेव्हा दवाखाना, गाडी, रक्त हे सारे आठवा महिना लागताच ठरलेले असावे. "नववा लागला की बघू" म्हणणाऱ्या घरात कळा आठव्यातच सुरू होतात.

तिसरी गोष्ट जुनी फाईल, आणि इथे आपले लोक फार निष्काळजी आहेत. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणजे आतला छेदही आडवाच असेल, असे नसते. बाहेरची कातडी एक सांगते, आतली पिशवी दुसरेच. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद एकदाच घेतलेला असेल तर पुढच्या बाळंतपणात कळा देताना तो उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. वरच्या जाड भागात उभा छेद असेल तर तो धोका कितीतरी पटीने वाढतो, आणि मग नॉर्मलचा विचारच करायचा नाही. हे फक्त जुन्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलेले असते. सिझर का करावे लागले, छेद कुठे घेतला, तेव्हा रक्त जास्त गेले का, रक्त चढवावे लागले का, टाके पिकले होते का, सारे त्यात असते. खानदेशातली निम्मी गावे सुरतेला जोडलेली आहेत. सिझर लिंबायत-उधन्याला होते, कार्ड तिथल्या खोलीच्या पत्र्याखाली राहते, किंवा खोली बदलताना जाते. तुमच्या यजमानांना सांगा, सुरतेला बाळंतपणासाठी जायचे नाही, पण फाईलसाठी मात्र एक खेप जरूर करा. कागद गुजरातीत असला तरी चालेल, शस्त्रक्रियेची नोंद डॉक्टर बहुधा इंग्रजीतच करतात. मूळ कार्ड हरवले असेल तर दवाखान्यातून नक्कल मागता येते, तो रुग्णाचा हक्क आहे.

आता तुमचा प्रश्न. जुळे म्हणजे सिझरच, असे मुळीच नाही. २०१३ साली २५ देशांतल्या सुमारे २,८०० मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल तर ठरवून सिझर केल्याने बाळांना काही जास्त फायदा झाला नाही, असे त्यात दिसले. आधीचे एकच सिझर, छेद खालचा आडवा, पहिल्या बाळाचे डोके खाली, वार व्रणापासून दूर, अशा जुळ्याच्या मातेला नॉर्मलची संधी देता येते, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना मानते. इंग्लंडातील संघटना जपून पाऊल टाका म्हणते. माझे मत विचाराल तर ज्या ठिकाणी रात्री दोनलाही भूलतज्ज्ञ हजर आहे, ऑपरेशन थिएटर अर्ध्या तासाच्या आत चालू होते, बाळांचे ठोके सतत पाहिले जातात आणि रक्त त्याच इमारतीत आहे, तिथेच हा प्रयत्न करावा. एवढे नसेल तर डॉक्टर दुसरे सिझर सुचवतील, आणि त्यात त्यांचे चुकले असे समजू नका. जावेचे नॉर्मल झाले होते ते एकाच बाळाचे होते, हेही सासूबाईंना शांतपणे सांगा.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही म्हणण्यावरून होऊ देऊ नका. गावात कुणी "कळा वाढवायचे इंजेक्शन देतो, मोकळी होशील" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. जुन्या टाक्यांच्या पिशवीवर घरी दिलेले असे इंजेक्शन किंवा गोळी म्हणजे पिशवी फाटण्याला आमंत्रण. दवाखान्यातसुद्धा कळा आणण्याच्या औषधाने टाका उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून तिथे ते मोजून मापून देतात.

कळांच्या मधल्या वेळात पोट मोकळे व्हायला हवे. ते न होता जुन्या टाक्यापाशी सतत दुखत राहिले, अंगावरून रक्त गेले, बाळांची हालचाल मंदावली, चालू कळा एकाएकी थांबल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर टाका उसवत असेल असे समजून त्याच क्षणी निघायचे. सासऱ्यांची वाट पाहायची नाही.

निघायचे कुठे? पारोळ्याच्या बाईचा जिल्हा जळगाव, पण धुळे तिला जवळ. अमळनेरचेही तसेच, चाळीसगावचेही. रावेरकरांना तर जळगावपेक्षा मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर जवळ पडते. कागदावरचा जिल्हा पाहून लांबच्या रस्त्याने जाऊ नका. धुळ्याला चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जळगावच्या सिव्हिलला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. दुसऱ्या जिल्ह्याची म्हणून अडल्या बाईला शासकीय रुग्णालय परत पाठवू शकत नाही. माहेरी चोपड्याला जायचे असेल तर जा, आईच्या हातचे खा, पण बाळंतपणासाठी तिथून जळगावला किती वेळ लागतो, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे आधीच पाहून ठेवा. त्या दवाखान्यात आठव्या महिन्याआधी एकदा तरी नाव नोंदवून, तपासून या. अनोळखी बाई रक्ताच्या थारोळ्यात आली की डॉक्टरांचा पहिला अर्धा तास कागद शोधण्यात जातो.

दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय दवाखान्यात गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासूनची ही योजना आहे. आशाताईला सांगून तुमचे नाव "अतिजोखमीची माता" म्हणून लिहून घ्या. या शब्दाने घरचे घाबरतात, पण त्या नोंदीमुळेच पुढे लक्ष राहते. बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण, हे सारे शासकीय रुग्णालयात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. गाडीसाठी १०२, अडचणीच्या वेळी १०८. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कौन्सिलात प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. तेव्हा आपण काही दान मागायला जात नाही, हे लक्षात ठेवून खिडकीपाशी उभे राहा.

आता रक्ताविषयी, कारण सर्वात जास्त गाफील आपण इथेच असतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने तिथल्या खेड्यांत १,६२० बाळंतपणांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातून झालेली ही कमी जोखमीची बाळंतपणे. बाळ बाहेर आल्यावर निम्म्या मातांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच. औषधाच्या गोळ्या न मिळालेल्यांत शंभरात १२ जणींना अर्धा लिटर किंवा अधिक रक्तस्राव झाला, गोळ्या मिळालेल्यांत ६ जणींना. (हीच गोळी बाळ बाहेर येण्याआधी जुन्या टाक्यांच्या बाईला घातक, हे वर सांगितलेच.) मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी रक्त नजरेने अदमासले नाही. मातेखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून मोजले. नजर नेहमी कमी सांगते. गोधडीत मुरलेले रक्त कुणाला दिसते? पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत, अशीच मोजणीची पिशवी वापरून आणि सारे उपचार एकदम सुरू करून पाहिले, तेव्हा गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी कमी झाला. ते २०२३ साली जाहीर झाले. साध्या बाळंतपणात शंभरात १२, मग जुळ्यात आणि जुन्या टाक्यात किती सावध असायला हवे ते समजा. रक्त थांबवणारे ट्रॅनेक्सामिक ॲसिडचे इंजेक्शनही बाळंतपणानंतर तीन तासांच्या आतच कामाचे. म्हणूनही दवाखान्यातच असायचे.

गेलेले रक्त सोसायला अंगात आधी ते असावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी शंभरात जवळजवळ ४६ जणींना रक्तक्षय आढळला. अकरा हिमोग्लोबिनची बाई एक लिटर रक्त जाऊनही सावरते. सातची बाई अर्ध्या लिटरमध्ये कोसळते. लोहाच्या गोळ्या मळमळतात म्हणून बायका कणगीत लपवतात, हे मला ठाऊक आहे. रात्री जेवणानंतर झोपताना घ्या, लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. तरी रक्त चढत नसेल तर शिरेतून लोह देता येते. तेही दवाखान्यात विचारा. खायला मेथी, शेवगा, मटकी, बाजरीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडी-मटण. केळी आपल्याकडे उदंड, जरूर खा, पण केळ्याने रक्त वाढते हा भ्रम आहे. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर सिकलसेलची तपासणी करा. सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही, विशेषतः विदर्भाकडच्या नातेसंबंधांत, तो आढळतो.

रक्तगट आताच तपासून कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, त्याचे वेगळे इंजेक्शन असते आणि ते रक्त मिळायलाही वेळ लागतो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, फोटो छापून येतात. मंडळाच्या पोरांना माझी विनंती आहे की त्याच दिवशी वहीत नावे, रक्तगट आणि फोन लिहून ठेवा, आणि वाड्यातल्या कुठल्या बाईचे बाळंतपण कोणत्या महिन्यात आहे हे आशाताईकडून विचारून घ्या. रक्त देणारा अठरा वर्षांवरचा, ४५ किलोहून जास्त वजनाचा, साडेबारा हिमोग्लोबिनचा हवा. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. नवऱ्याने "मला अशक्तपणा येईल" म्हणून मागे सरायचे आणि दारूला मात्र पुढे, हे आता बंद व्हावे.

सिझरच्या टेबलावर कुणी घाईत नसबंदीच्या कागदावर सही मागेल. तीन मुले झाली की ती शस्त्रक्रिया करून घेणे शहाणपणाचेच आहे, कारण प्रत्येक सिझरबरोबर वार रुतण्याचा धोका वाढत जातो. पण हा विचार आधी घरी, शांतपणे, नवरा-बायकोने करायचा. सही बाईच्या मनाने व्हावी. पुरुषाची नसबंदी याहून सोपी असते, तिचेही नाव चर्चेत येऊ द्या. संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी मांडला होता. आपल्या घरात या विषयाची लाज असायचे कारण नाही.

बाळंतपण झाल्यावर पहिले दोन तास मातेजवळ एक जाणते माणूस बसून राहावे. बाळे पाहायला सारी खोली पाळण्याकडे धावते आणि आई एकटी पडते. लघवी तुंबू देऊ नका, त्याने पिशवी आवळत नाही. बाळांना लगेच छातीशी लावा, त्याने आवळते. एका तासात पॅड किंवा घडी पूर्ण भिजली, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घाम सुटून अंग गार पडले, नाडी जोरात चालू लागली, तर सिस्टरला ओरडून बोलवा. "बाळंतिणीचे जायचेच, पोट साफ होते" असे म्हणणाऱ्या आजीबाईंना त्या दिवशी बाजूला बसवा. घरी आल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत एकाएकी पुन्हा लाल रक्त सुरू झाले तर परत दवाखान्यात जायचे.

सुटी मिळताना कार्डावर एवढे लिहून मागा: पिशवीवरचा छेद कुठला, रक्त किती गेले, किती पिशव्या चढवल्या, वार पूर्ण निघाली का. त्या कार्डाची झेरॉक्स माहेरी एक, सासरी एक.

पुढील अंकात दोन बाळांना अंगावर कसे पाजावे, याविषयी.